मुहूर्त चुकलेला कोबी

कोबीने गड्डा धरायचा असतो, फुलायचं नसतं. आमच्या घुमटातल्या मोठ्या वाफ्यांतला कोबी मात्र एकजात फुलला. पिवळीधमक, टवटवीत आणि अगदी निर्लज्ज फुलं. एकाही रोपाच्या पोटात गड्डा नव्हता, मधूनच लांबलचक दांडा वर गेला होता. आणि याचं खापर कोणावर फुटलं? खटपट्यावर. हे लिहितानासुद्धा मला राग येतोय.

खटपट्या म्हणजे आमच्या बागेचा यंत्रमानव. मंगळावरच्या आमच्या वस्तीत काचेचा मोठा घुमट आहे आणि त्यात बाग. माझे आजोबा, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. दिगंबर शेवडे, त्या बागेचे प्रमुख. मी त्यांना आबा म्हणते. सगळ्या वस्तीला ताजी भाजी तिथूनच मिळते. त्यामुळे कोबी फुकट गेल्यावर जेवणघरात कुरकुर सुरू झाली आणि आबांनी लगेच निकाल देऊन टाकला.

"यानेच पाणी देताना काहीतरी घोळ घातलाय. उद्या सकाळी याची स्मृती (यंत्रमानव जे जे शिकतो ते साठवायची जागा) पुसून टाकू आणि पहिल्यापासून शिकवू."

किती सहज बोलले. मला खुरपं धरायला खटपट्याने शिकवलं होतं. उद्या दुपारी मी बागेत गेले असते आणि त्याने मला विचारलं असतं, "आपण कोण?"

शिवाय दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो. याच खटपट्याला आबांनी स्वतःच्या हाताने कागदी झेंडूचा हार घातला होता. मग त्याच मुहूर्तावर त्याने कोबीची रोपं लावली, कारण आबांचा तसा हुकूमच आहे. जुन्नरकडे त्यांच्या गावी दसऱ्याच्या सुमाराला कोबी लावतात, म्हणून मंगळावरही दसऱ्यालाच. आधी हार घालायचा आणि मग स्मृती पुसायची, ही कुठली रीत?

"तुला राग नाही येत?" मी खटपट्याला विचारलं.

"माझ्यात रागाची सोय नाही, शाल्मली."

"म्हणूनच मला दुप्पट येतोय."

पाय आपटत मी बागेच्या टोकाला, माझ्या वाफ्याकडे गेले. दसऱ्याला मी तापाने झोपून होते. बरी झाल्यावर मी बी पेरलं, तेव्हा आबा हसून म्हणाले होते, "तुझ्या कोबीचा मुहूर्त चुकला." आता बघते तर त्या वाफ्यात एकही फूल नव्हतं. पानं आत वळून मुठीएवढे घट्ट गड्डे धरत होती. माती तीच, पाणी तेच, पाणी देणाराही तोच.

मी आबांना अक्षरशः हाताला धरून ओढत आणलं.

"पाणी चुकलं असतं तर हाही कोबी बिघडला असता ना? मग हा कसा शहाण्यासारखा वाढतोय?"

आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून एकेक रोप पाहिलं. "घुमटात थंडी पडली, तेव्हा तुझी रोपं केवढी होती?"

"काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक."

"आणि माझी?"

"पेन्सिलीहून जाड," मागून खटपट्या म्हणाला.

आबा वाफ्याच्या कडेवर मटकन बसले. "मग पाण्याचा काही संबंध नाही. कोबी हे द्विवर्षायू (दोन वर्षांत आयुष्य पुरं करणारं) झाड आहे. पहिल्या वर्षी ते गड्डा धरून अन्न साठवतं. मग हिवाळा सोसतं आणि नंतर फुलतं. थंडी सोसल्यावरच झाडाची फुलायची तयारी होते, त्याला वासंतीकरण म्हणतात. अगदी कोवळ्या रोपाला ती थंडी जाणवत नाही. पण खोड पेन्सिलीएवढं झालं आणि काही आठवडे दहा अंशांखालची थंडी लागली, की रोपाला वाटतं, हिवाळा पार पडला. गड्डा राहू दे, आता फुलू या."

"पण मागच्या दसऱ्याचा कोबी तर छान झाला होता."

"मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट असतं. दोन दसऱ्यांमध्ये इथलं अर्धंच वर्ष सरतं, त्यामुळे मागचा दसरा इथल्या वसंतात आला आणि हा थंडीच्या तोंडावर..." आबा मध्येच थांबले.

"म्हणजे तुम्ही पृथ्वीचं कॅलेंडर बघून मंगळावर कोबी लावलात."

"हो."

"आणि शिक्षा खटपट्याला."

मला आबांची दया आली नाही.

"मग लावायचा कधी?" मी विचारलं.

"थंडी सरत आली की. त्याच्या महिना-दीड महिना आधी बी उबेत पेरायचं. रोपांना चार-पाच पानं आली की रोज थोडा वेळ गारव्यात ठेवून त्यांना काटक करायचं. मग हातभर अंतरावर लावायची. माती सारखी ओलसर ठेवायची, कारण कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी दिलं की गड्डा तडकतो. पंधरा ते वीस अंशांचा गारवा कोबीला मानवतो. हलकी थंडीही तो सोसतो. इथला वसंत लांब असतो, शाल्मली. अजून वेळ गेलेली नाही."

"आणि स्मृती?"

"त्यातली एकच ओळ पुसायची," आबा म्हणाले. "दसऱ्याला कोबी लाव, ही. तिच्या जागी घुमटातला तापमापक बघ, असं लिहू."

"एवढ्यावर नाही भागणार. दोष तुम्ही सगळ्यांसमोर दिला होता."

सकाळी जेवणघरात आबांनी चूक कोणाची होती ते सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी बागेतून तोडून आणलेला कोबीचा फुललेला दांडा घेतला, गोल वळवला आणि खटपट्याच्या गळ्यात घातला. या वेळी फुलं खरी होती.

"पण आज दसरा नाही," खटपट्या म्हणाला.

"नसू दे," आबा म्हणाले.