दोनातोचं आख्यान

दुपारी आमचं अमेरिकेतलं, पार्सिपनीचं घर अगदी रिकामं असतं. मुलगा अतुल आणि सून सलोनी ऑफिसला, नात ज्ञानदा शाळेत. डिशवॉशर थांबला की फ्रिजची घरघर ऐकू येते, थोड्या वेळाने तीही येईनाशी होते. मग मी बेसमेंटमध्ये जाते, नारदांना नमस्कार करते आणि कीर्तनाला उभी राहते. राहत असे, म्हणायला हवं. हे होते तोवर माझ्या मागे झील धरायचे. मी ओळ टाकली की पालुपद उचलायचे. हे गेले, आणि टाकलेली ओळ समोरच्या भिंतीपाशीच राहू लागली.

इथल्या मराठी मंडळाने कीर्तन मागितलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण लायब्ररीत दोनातो वेर्लुच्ची भेटला, भिंतीवरच्या फोटोत. नेपल्सचा संगीतकार. त्याची गाणी न्हाव्यापासून सरदारापर्यंत सगळे गुणगुणायचे. पुढे ऑपेरेटा रचले, म्हणजे त्यांची हलकीफुलकी संगीत नाटकं. मिलानची थिएटरं भरली. मग तो अमेरिकेत आला, पाठोपाठ बोलपट आले, नाटकं मागे पडली, आणि आमच्याच गावात एका भाड्याच्या खोलीत तो वारला. गाणं सोडाच, नाव घ्यायलाही जवळ कुणी नव्हतं. माझीही भीती तीच होती.

"त्याचं आख्यान लावते," मी जेवताना सांगितलं.

"आई, तो काय संत होता का?" अतुल हसला.

"गाणारा होता. देवाला तेवढं पुरतं."

"बट आजी, हू विल कम?" ज्ञानदाने विचारलं.

"तू ये. नंतर बटाटेवडे आहेत."

"ओके, देन आय ॲम कमिंग."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोनातोचा जन्म गायला. पालुपदाला त्याचीच एक चाल घेतली होती. ओळ टाकून श्वास घेतला, आणि मागून ती कुणीतरी उचलली.

हीटर असेल. मी पुन्हा टाकली.

पुन्हा उचलली. पुरुषाचा आवाज, किंचित घोगरा. संत्र्याच्या सालीसारखा वास आला.

"अहो?" मी न वळता विचारलं.

तीच ओळ आणखी एकदा टाकून पाहिली. पण हे कायम समेच्या जरा आधीच यायचे. हा आवाज नेमका समेवर येत होता.

घाबरायला हवं होतं, खरंय. पण हे गेल्यापासून त्या घरात माझ्या ओळीला पहिल्यांदाच कुणी ओ दिली होती. मी रोज खाली जाऊ लागले. नव्या झीलकऱ्याला सांगावं तसं त्याला सांगत गेले: इथे थांबायचं, इथे लय चढवायची, आणि माणसाचं आयुष्य पुरतं सांगून झाल्याशिवाय शेवटच्या मंगलाचा सूर लावायचा नाही. मी मात्र मागे वळून कधी पाहिलं नाही.

कीर्तन रंगलं. त्या खोलीतल्या मरणाशी आले तेव्हा हॉलमध्ये रुमाल निघाले. त्या दिवशी मागे कुणीच नव्हतं. झील लोकांनीच धरली, ज्ञानदानेसुद्धा. मंगल म्हणताना वाटलं, चला, दोनातो सुटला.

सोमवारी सवयीने खाली गेले. गायचं नव्हतं, नुसती खुर्चीत बसले.

मागून त्याने सुरुवात केली.

या वेळी पालुपद नव्हे, ओळ. इटालियन मला कळत नाही, पण नावं कळतात. मिरज. शोभना. मग राजाराम. ह्यांचं नाव, जे मी आयुष्यात कधी मोठ्याने घेतलेलं नाही.

तो माझं आख्यान लावत होता.

डोळे भरून आले. कुणीतरी लावलं, देवा. मी झील धरली, दुसरं काय करणार?

अतुल जन्मला. मुंबई गेली. पार्सिपनी आलं. ज्ञानदा. पुन्हा एकदा राजाराम, अगदी हळू.

तिथे तो थांबला.

पुढची ओळ ऐकायला मी मान तिरकी केली.

त्याने मंगलाचा सूर लावला.