खिडकीकडचा ट्रे

दारातच टक्कर झाली. तिच्या हातातला ट्रे कसाबसा वाचला, समोरून येणाऱ्या त्याच्या हातातले कागद मात्र खोलीभर पसरले. बियाणं तपासायच्या त्या प्रयोगशाळेत दोघं वर्षभर समोरासमोरच्या खोल्यांत बसत होते, पण नमस्कारापलीकडे गाडी कधी गेली नव्हती.

तो आकडेवारी बघायचा. शनिवारी तो बदलीवर जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याला त्याचं काही नाही, असं ती स्वतःला बजावत होती आणि ते तिला अजिबात जमत नव्हतं.

"तुमच्याकडेच येत होतो," कागद गोळा करत तो म्हणाला. "एकाच पोत्यातलं बी. आतल्या फळीवर शंभरातलं एक्याण्णव उगवलं, खिडकीकडे फक्त एकाहत्तर."

"थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"दोन-चारांचा फरक असता तर द्विपद वितरणात बसला असता. नशीब म्हणून सोडून दिलं असतं." तो हसला. "पण काय-स्क्वेअर कसोटीत चारच्या आत असायला हवा तो आकडा तेरावर गेलाय. म्हणजे फळीचा आणि उगवण्याचा संबंध आहे. का आहे, ते कसोटी सांगत नाही."

"मग?"

"ते तुम्ही सांगायचं. आज कारण मिळालं नाही, तर सगळा माल नापास."

मालात काही खोट नव्हती. तिला कारण पक्कं माहीत होतं. खिडकीशी उगाच उभं राहिलेलं बरं दिसत नाही, म्हणून तिच्या हातात पाण्याचा फवारा असायचा... आणि हात आपला चालूच.

"पाणी जास्त झालं. बी कुजलं. चूक माझी."

"तुमची? पण मग खिडकीकडेच का?"

ऊन, वारा, गळकी चौकट... थापा भराभर सुचत होत्या. एकही तोंडातून निघेना.

"तिथून तुमचं टेबल दिसतं," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"रोज?"

"तुम्ही रजेवर असता तेव्हा नाही."

त्याने एक कागद सरळ केला, पुन्हा दुमडला. "अहवालात 'पाणी जास्त' एवढंच लिहितो. फेरचाचणी करू. आठवडा लागेल."

"तोवर तुम्ही गेलेले असाल."

"ही बदली—" तो अडखळला. "मीच मागून घेतली होती. तुम्ही समोर असायचात, आणि मला दोन शब्द बोलायचं धाडस होईना... त्यापेक्षा लांब गेलेलं बरं, असं वाटलं."

तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"अर्ज मागे घेतो," तो म्हणाला. "आजच. पण साहेब कारण विचारतील. काय सांगू?"

"मी सांगितलं ना खरं?" ती म्हणाली. "आता तुमची पाळी."