मेसीचं दुसरं बटण

तो गिटारचा ॲम्प बंद करा रे पोरांनो, आणि इकडे व्हरांड्यात या. त्या दुसऱ्या बटणाशी खेळू नका म्हणून किती वेळा सांगायचं? थर्मनला तुम्ही सगळे ओळखता, नदीपल्याड ॲम्प दुरुस्त करतो तो. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. पटलं तर घ्या.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची आदली रात्र, बुधवारची. थर्मन आपल्या जुन्या मित्राच्या, डॉईलच्या घरी निघाला होता. हातात बायकोनं दिलेला मक्याचा पाव, खिशात नवी रेक्टिफायर ट्यूब. घरातली वीज ॲम्पला चालेल अशी करून देणारी ही काचेची नळी डॉईलकडे फार टिकत नसे.

ॲम्प खरं तर डॉईलच्या लेकीचा, मेसीचा. पोर शनिवारी शनिवारी थर्मनकडे सोल्डर करायला, म्हणजे वितळलेल्या कथलानं तारा जोडायला शिकली आणि हा जुना ॲम्प तिनं स्वतःच्या हातानं उभा केला. तारेचं उरलेलं टोक कापायचं सोडून ती त्याचं वेटोळं करून ठेवायची. "डुकराचं शेपूट," थर्मन तिला चिडवायचा. शेवटी फक्त डायोड नावाचे दोन इवले भाग लावायचे राहिले होते. ट्यूब आतून शॉर्ट झाली तर त्या दोघांनी तिचं काम उचलायचं आणि ट्रान्सफॉर्मर वाचवायचा. तसला जुना ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळतोय? तो जळला की ॲम्पचा आवाज कायमचा गेला.

"पुढच्या शनिवारी लावते, थर्मनकाका," म्हणाली. स्क्रूंवर आपल्या हिरव्या नेलपॉलिशचे थेंब लावून तिनं ॲम्पचं झाकण बंद केलं. पुढच्या शनिवारी आम्ही तिला पुरलं. पुलावर तिची गाडी घसरली होती. बापाच्या आधी लेक जावी, याहून वाईट काही मी पाहिलेलं नाही.

डॉईलला गिटार येत नाही. पण रोज संध्याकाळी तो ॲम्प लावायचा आणि नुसती त्याची गुणगुण ऐकत बसायचा. घरात तिचं म्हणून तेवढंच ऐकू येत होतं.

"पुन्हा गेली ट्यूब," दार उघडत डॉईल म्हणाला. "टाकाऊ माल गळ्यात मारतोस माझ्या."

"मारतोस तू त्यांना! आधी तापवायचं, मग खाडकन दुसरं बटण. सगळा भार एकदम पडतो बिचारीवर. सोड ते बटण."

"मेसी तसंच करायची."

"मग निदान डायोड तरी लावू दे."

"तिनं बंद केलंय ते, थर्मन. कुणी उघडायचं नाही."

थर्मननं मागून हात घालून ट्यूब बसवली. पहिलं बटण दाबलं. ट्यूबमधली तार लाल झाली. डॉईल ओठांत आकडे मोजत होता, मेसी मोजायची तसे.

दुसरं बटण.

काचेत निळी ठिणगी उडाली. मग दुसरी... ट्यूब काळी पडली.

"घाबरू नकोस, फ्यूज उडेल," थर्मन म्हणाला.

डॉईलचा चेहरा उतरला. "फ्यूजला मी... च्युइंगगमचा चंदेरी कागद गुंडाळलाय. सारखा उडत होता रे..."

थर्मन प्लगकडे झेपावला. हात प्लगवर पडला... आणि थांबला.

जळका वास नाही. धूर नाही.

ॲम्प गुणगुणत होता.

ट्यूब मेलेली. आणि तो मंद, तसाच...

"थर्मन... कसा चाललाय?"

थर्मननं प्लग ओढला. गुणगुण विरत गेली. स्क्रूड्रायव्हर डॉईलनंच आणून दिला.

नेलपॉलिश शाबूत होतं. सगळे थेंब. थर्मननं ते खरवडले, आत साठलेली वीज उतरवली, बॅटरीचा उजेड पाडला.

ट्यूबच्या बुडाशी दोन डायोड होते.

तारांच्या टोकांना वेटोळी.

डॉईल तिथेच जमिनीवर बसला आणि हमसून हमसून रडला. वर्षभर तो रडला नव्हता. "आलीस होय," म्हणत राहिला, "शनिवार पाळलास होय गं, बाळा..."

थर्मनचा मात्र विश्वास बसेना. त्यानं बोट पुढे केलं... वेटोळ्यावर टेकवलं...

उद्या थर्मनच्या दुकानात गेलात तर त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट बघा. टोकाला भाजल्याची खूण आहे, छोट्याशा वेटोळ्याची. सोल्डर अजून ओलं होतं.