शहर दाखवणारी

गाडी ठरल्या वेळेला हॉटेलच्या दाराशी आली. प्रूफरीडर त्याच्या बरेच आधी खाली येऊन बसले होते. छापखान्यातली नोकरी सुटून वर्षं झाली, तरी सकाळी लवकर आवरून, खिशाला पेन लावून तयार राहायची सवय काही सुटली नव्हती. समोरच्या टेबलावर हॉटेलचं माहितीपत्रक पडलं होतं. वाट बघता बघता त्यांनी ते वाचून काढलं आणि त्यातल्या चुकांभोवती नकळत गोल करून ठेवले.

गाडीतून एक मुलगी उतरली. पंचविशीची असेल. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा बिल्ला, हातात मिटलेली छत्री.

"नमस्कार सर. आजच्या दिवसासाठी मी तुमची गाइड. गाडीही मीच चालवते. तुम्ही एकटेच ना?"

"एकटाच," ते म्हणाले.

बायकोला बरोबर चल म्हणून त्यांनी खूप विनवलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मला त्या शहराचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

त्यांची लेक याच शहरात, याच कंपनीत, हेच काम करायची. बाहेरगावच्या माणसांना दिवसभर गाडीतून फिरवायचं, शहर दाखवायचं. संध्याकाळी घरी फोन करून ती सगळं रंगवून सांगायची आणि फोन ठेवताना दरवेळी विचारायची, 'आता तुम्ही दोघं कधी येताय ते बोला.' गेल्या वर्षी ती सुट्टी काढून आईबाबांना न्यायलाच घरी आली. येताना अंगात ताप घेऊन आली. तो ताप काही उतरला नाही. न्यायला आलेली मुलगी आपणच निघून गेली, आणि शहर बघायचं राहून गेलं.

आपण तिचे वडील, हे त्यांनी कंपनीला कळवलं नव्हतं. उगाच कोणी हळहळायला नको, हात हातात घ्यायला नको. त्यांना एवढंच हवं होतं, की ती रोज परक्या लोकांना जे सांगायची ते एकदा त्याच जागी उभं राहून ऐकावं. ही मुलगी नवीन होती. कामाला लागून दोन-तीन महिनेच झाले, असं तिने वाटेत सांगितलं. म्हणजे तिने लेकीला पाहिलंसुद्धा नसणार.

पहिला थांबा चौकातल्या अश्वारूढ पुतळ्याचा. मुलीने छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. पुतळ्याची उंची, धातूचं वजन, अनावरणाचा सोहळा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांचा थोडा हिरमोड झाला. लेक याच पुतळ्याला 'घोड्यावरचे काका' म्हणायची. काकांची मान आखडलीय, कोणीतरी जरा चोळून द्या हो, असं म्हणून लोकांना हसवायची. ही मुलगी कामाला चोख होती, पण तिच्या बोलण्यात हसण्यापुरतीही जागा नव्हती.

गाडीकडे परतताना ती त्यांच्या उजवीकडून चालत होती. मध्येच, बोलणं न थांबवता, ती त्यांच्या मागून वळसा घालून डावीकडे आली. त्यांना बरं वाटलं, कारण त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. हे आपण तिला सांगितलेलं नाही, हे गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग वाटलं, तिचं कामच ते. माणूस कोणता कान पुढे करतो ते बघून ठेवत असेल.

वस्तुसंग्रहालयात गारवा होता. नुकत्याच पुसलेल्या फरशीचा ओला वास येत होता. मधल्या मोठ्या दालनात देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला होता. त्याच्याखाली आल्यावर मुलगी बोलता बोलता थांबली आणि मान वर करून नुसती बघत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही सर. पुढचं वाक्यच आठवेना." ती ओशाळून हसली आणि कपाळ चोळत बाकावर टेकली. "असं कधी होत नाही माझं."

त्यांनी आपल्याजवळची पाण्याची बाटली पुढे केली. ती घटाघटा पाणी प्यायली आणि उठली. "चला. या संग्राहलयात अजून बरंच बघायचंय."

ते थबकले. सकाळपासून हा शब्द तिने कितीतरी वेळा उच्चारला होता, आणि दरवेळी चोख. संग्राहलय. लेकीची जीभ लहानपणापासून नेमकी याच शब्दाला अडखळायची. ते सुधारायला गेले की ती मुद्दाम पुन्हा तसंच म्हणायची. पुष्कळ लोक तसं म्हणतात, त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी ही चूक मात्र तशीच राहू दिली.

बाहेरच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांनी खाली पाऊल टाकलं, तोच तिने त्यांचा दंड धरला.

"अरे, सावकाश उतर ना."

'सर' गेलं होतं. 'तुम्ही'ही गेलं होतं. तिला स्वतःला त्यातलं काही जाणवलेलं दिसलं नाही.

दुपारी ते एका लहानशा दुकानात चहा प्यायला बसले. कप समोर आले तसा तिने त्यांचा कप उचलला, अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि उरलेला त्यांच्यापुढे सरकवला. "अर्धाच. नाहीतर छातीत जळजळतं म्हणून मग बसून राहशील."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तूच नाही का म्हणालास?" तिच्या कपाळाला आठी पडली. कधी म्हणाले ते आठवायचा तिने जरा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

ते तिच्याकडे निरखून बघत राहिले. चेहरा सकाळचाच होता. रुंद कपाळ, हनुवटीवर तीळ. लेकीशी नावालाही साम्य नाही. पण डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ओठ सुकले होते. सकाळी टवटवीत उतरलेली मुलगी आता आजारातून उठल्यासारखी दिसत होती.

"आपण थांबू या का? तुम्हाला बरं दिसत नाही."

"छे! खरी मजा तर पुढेच आहे. कार्यक्रमात नाहीये ते, पण तुला आवडेल."

तिने गाडी एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभी केली. दोन्ही बाजूंना दाटीवाटीने दुकानं होती. प्रेक्षणीय म्हणावं असं काहीच नव्हतं. ती छत्रीच्या टोकाने वर दाखवू लागली, तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला दुकानं नाही, पाट्या बघायच्या आहेत. 'येथे चष्मे दूरूस्त होतील.' 'विश्वासु शिंपी.' एका बंद दारावर खडूने लिहिलं होतं, 'दुकान आजारी असल्यामुळे मालक बंद आहेत.'

"केव्हापासून जपून ठेवल्यात तुझ्यासाठी," ती म्हणाली. "बोला संपादक, कोणाला किती मार्क?"

ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा, पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. छापखान्यात ते संपादक कधीच नव्हते. इतरांनी लिहिलेलं तपासून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना संपादक म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण तिथून पळून जावंसं वाटलं नाही. भीती वाटली ती एकाच गोष्टीची, की हे थांबेल.

"चष्मेवाल्याला पस्तीस," ते म्हणाले. "शिंप्याला नापास कर."

गाडी सुरू करताना तिचं लक्ष गळ्यातल्या बिल्ल्याकडे गेलं. त्यावरचं नाव तिने पुन्हा पुन्हा वाचलं. "हा कोणाचा घालून फिरतेय मी?" असं म्हणत तिने तो काढला आणि मागच्या सीटवर टाकून दिला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर 'आई' अशी अक्षरं उमटली.

"आई? पण आईचा नंबर हा नाही." तिने त्यांच्याकडे पाहिलं. फोन वाजतच होता.

ते बोलू शकले असते.

"चुकून लागला असेल," ते म्हणाले.

तिने फोन पालथा करून ठेवला. वाटेत तो पुन्हा वाजला. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवटचा थांबा टेकडीवरच्या कठड्याचा. ऊन कलायला लागलं होतं. खाली शहर पसरलं होतं, छपरामागे छप्पर, पार क्षितिजापर्यंत.

"ती पाण्याची टाकी दिसतेय?" तिने बोट केलं. "तिच्या मागे माझी खोली. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून सांगायचे ना मी? थापा होत्या सगळ्या. खिडकी उघडली की समोर टाकी. आईला उगाच वाईट वाटायला नको म्हणून सांगितलं नाही."

समुद्राची ती खिडकी त्यांनी कितीदा मनाशी बघितली होती. तिथे टाकी असेल, हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. मनाचे खेळ म्हणून आता हे सोडून देता येत नव्हतं.

त्यांना राहवलं नाही. त्यांनी घरी बायकोला फोन लावला. "हिच्याशी बोल," एवढंच म्हणून फोन मुलीच्या हातात दिला.

"आई, गुडघा कसा आहे? सूज उतरली का?" ती थांबून ऐकत होती. "हो. बाबाला दाखवलं सगळं. तू का नाही आलीस गं?"

मग तिने फोन त्यांच्याकडे दिला. "तुझ्याशी बोलायचंय तिला."

त्यांनी फोन डाव्या कानाला लावला. मग बायकोने विचारलं, "चेहरा कसा आहे?"

"वेगळा."

"मग कोणाचा आहे?"

"गाइडचा. इथलीच मुलगी आहे."

"बरी आहे ती?"

त्यांनी वळून बघितलं. मुलगी कठड्याला रेलून उभी होती. ओठ पांढरे पडले होते.

"नाही," ते म्हणाले.

"मग ऐका माझं. मलाही हवीय हो ती. तुमच्यापेक्षा जास्त हवीय." बायकोचा आवाज फाटला. "पण त्या पोरीचीही आई असेलच ना कुठेतरी. सोडा तिला. आत्ताच्या आत्ता सोडा."

फोन बंद झाला.

ते मुलीजवळ गेले. तिचे हात हातात घेतले. हात तापाने फणफणत होते. तो ताप त्यांच्या ओळखीचा होता.

"छान दाखवलंस शहर," ते म्हणाले. "सगळं बघून झालं माझं. आता जा तू."

"कुठे जाऊ?"

त्यांनी तिचे हात सोडले.

"किती लांबून आलेय मी, बाबा. तुझ्यासाठीच आलेय."

"माहितीय मला," ते म्हणाले. "तरी जा."

त्यांनी गाडीतून तो बिल्ला आणला आणि तिच्या गळ्यात घातला. त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. परक्या मुलीचं नाव ते वाचत राहिले.

तिने डोळे मिटून घेतले. खांदे सैल पडले. टेकडीवरचा वारा मध्येच थांबल्यासारखा झाला.

डोळे उघडले तेव्हा ती झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघत होती.

"सर?" ती म्हणाली.

त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी कोणीतरी तो पिळून काढल्यासारखंही झालं. लेकीला त्यांनी दुसऱ्यांदा घालवलं होतं. ते तोंड फिरवून डोळे पुसू लागले.

गाडीत फोन वाजला. त्यांनी स्वतः जाऊन तो आणला. 'आई.'

"उचल बाळा," ते म्हणाले. "केव्हाच्या करतायत त्या."

तिने फोन घेतला, कानाला लावला. पलीकडचा आवाज त्यांच्यापर्यंत अस्पष्ट येत होता, भरभर, तुटत तुटत. ती ऐकत राहिली. मान हलवत राहिली. "हो," म्हणाली. "हो. हो ना."

मग तिने फोनवर अलगद तळहात ठेवला आणि त्यांच्याकडे वळली. चेहऱ्यावर खरोखरीची कणव होती.

"बाबा, कोणीतरी बाई आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "फार रडतायत रे. त्यांची मुलगी दुपारपासून फोनच उचलत नाहीये म्हणे. काय सांगू त्यांना?"