सीलबंद खोक्यातला फोन

“नवा म्हणे! नव्या वस्तूला असा गाळाचा वास येतो होय? पण माझं नाक पडलं म्हातारं. माझं कोण ऐकतंय...”

सासूबाई हे स्वतःशीच पुटपुटल्या. पण सून अगदी शेजारी बसून त्याच फोनमध्ये सिम घालत होती. तिने ऐकलं.

आणि सोडून दिलं.

तिथेच चुकलं.

पुढे सांगते ते घडलेलं आहे. पटलं तर बघा. यात काळोखी रात्र नाही, कुत्रं रडत नाही, दारं आपटत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, मंगळवारची दुपार, एक वाजून गेलेला आणि खिडकीतून लख्ख ऊन. ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती आजही मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते. कुठे शिकायला गेली नव्हती. फोन उघडत गेली, बिघडवत गेली, शिकत गेली. हात असा की भले भले तिच्याकडे येतात. फक्त दुपारी एक वाजला की टेबलावरचे सगळे फोन ती पालथे घालते.

का, असं विचारलं तर म्हणते, “स्क्रीनवर धूळ बसते हो.”

धूळ काय, सकाळीही बसतेच की.

सगळे तिला ताई म्हणतात. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी गिऱ्हाईकंसुद्धा. आपणही ताईच म्हणू.

ताईचा नवरा मालाची गाडी चालवायचा. हे घडलं त्याच्या चौदा महिने आधी असाच एका दुपारी निघाला. दुसऱ्या दिवशी गाडी तलावाच्या कडेला सापडली. दार उघडं. चावी लागलेली. सीटवर पाण्याची अर्धी बाटली.

माणूस नाही.

फोनही नाही.

चार दिवस तलावात गळ टाकून शोधलं. हाताला काही लागलं नाही. मग शोधणारे आपापल्या कामाला गेले.

त्या दिवसापासून घरातून एक शब्द हद्दपार झाला. कुणी ठरवून केलं नाही. आपोआपच झालं. दीर म्हणायचा, “दादा आला की गाडीचं बघू.” सासूबाई दर आठवड्याला लेकाचे शर्ट उन्हात घालायच्या आणि घड्या करून परत कपाटात ठेवायच्या. ताई दर महिन्याला त्याच्या नंबरवर रिचार्ज मारायची, नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून.

ती रडली नव्हती. रडायचं तर आधी काहीतरी मान्य करावं लागतं.

दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा आपला वाटत नाही? तिला सगळंच तसं वाटायचं. जेवण, माणसं, उजाडणं, मावळणं. बोट लावलं तर कळायचं की काहीतरी आहे. बाकी काही नाही.

तर सासूबाईंचा बटणांचा फोन एकदाचा मेला. दिवसभर घरात एकट्या, म्हणून दिराने सोमवारी नवा आणला.

“वहिनी, सीलबंद खोकं. सील मी स्वतःच्या हाताने फोडलंय. आणि भाव ऐकाल तर उडाल.”

“भाऊजी, तुम्हाला शेंडी लावताना दुकानदाराला हसू आवरलं नसेल.”

“मग तपासा की. घरात मेकॅनिक असताना मी कशाला डोकं शिणवू?”

ताईने वरवर पाहिलं. खोक्यावर छापलेला फोनचा ओळख-नंबर आणि फोनमधला नंबर जुळत होता. नंबर बदलून देणारे लोक तिला माहीत होते, पण म्हटलं असू दे. काचेवर चरा नाही. चार्जिंगचं भोक स्वच्छ. सिमच्या खाचेत एक बारीक पांढरी टिकली असते, पाणी लागलं की ती लाल होते. तीही पांढरी.

गिऱ्हाईकाचा फोन असता तर ताईने उघडून पाहिल्याशिवाय हो म्हटलं नसतं. घरचा होता. म्हणाली, “ठीक आहे.”

गुरुवारी ती एक वाजता जेवायला घरी आली. शेवटच्या जिन्यावर होती...

आतून सासूबाईंचा आवाज आला.

“हो... जेवले मी. तू?”

मग शांतता.

“बरं. ये मग हळूहळू.”

ताईने दार लोटलं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. फोन फळीवर.

“आई, कुणाशी बोलत होतात?”

“मी? कुणाशी बोलणार मी? हात धू, वाढते.”

जेवून झाल्यावर ताईने फोन पाहिला. आलेले कॉल, केलेले कॉल. आदल्या संध्याकाळचा एकच होता, तिचा स्वतःचा.

त्या दुपारचा एकही नाही.

म्हातारी माणसं बोलतात एकटी. ताईने तेवढ्यावर विषय मिटवला.

शनिवारी सासूबाईंचा फोन चार्जिंगला लावताना तिला पावलं मोजणारं अ‍ॅप दिसलं. कंपनीनेच घालून दिलेलं.

आजची पावलं... अकरा हजार चारशे ब्याऐंशी.

“आई, आज कुठे लांब गेला होतात का?”

“कुठे जाऊ? गुडघे कुणाचे उसने आणू का?”

ताईने मागचे दिवस पाहिले. शुक्रवार, बारा हजार. गुरुवार, बारा हजार. सोमवारपासून रोज. आणि सासूबाई पलंगापासून ओट्यापर्यंत जायच्या त्याही भिंत धरून. फोन तर फळीवरून हललाच नव्हता.

रविवारी तिने एक साधी चाचणी घेतली. स्वतःच्या फोनवरून या फोनला कॉल लावला, तो उचलला आणि दोन्ही फोन टेबलावर उताणे ठेवले. फोनच्या वरच्या कडेला एक बारीक डोळा असतो. बोलताना फोन कानाला लावला की त्या डोळ्याला कान जवळ आल्याचं कळतं आणि स्क्रीन काळा होतो. गालाने भलतंच बटण दाबलं जाऊ नये, एवढीच त्यातली सोय. फोन टेबलावर असेल तर स्क्रीन उजळ राहायला हवा.

ताईचा स्क्रीन उजळ होता.

दुसराही होता.

एक वाजून दहा मिनिटांनी...

दुसरा काळा झाला.

खोलीत ती एकटीच होती. सासूबाई न्हाणीत. ताईने स्क्रीनवरून हात फिरवला. काळाच. फुंकर मारली. काळाच. जणू कुणीतरी टेबलावर वाकून फोनला कान लावला होता. ऐकत होतं.

मिनिटभराने स्क्रीन उजळला.

ताई घाबरली नाही. तिला राग आला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. पावलं चुकीची, डोळा खराब, वरून गाळाचा वास. म्हणजे हा नवा नाहीच! कुणाचा तरी जुना फोन धुऊनपुसून, नवं कवच आणि नवी काच चढवून खोक्यात घातलाय. रिफर्बिश्ड. आणि फसली कोण, तर मोबाईलवाली ताई. दुकानात कळलं तर लोक चहा पीत पीत हसतील.

सोमवारी ती फोन दुकानात घेऊन गेली. सिम काढून पर्समध्ये टाकलं. फोन गरम तव्यावर ठेवला, गोंद सैल झाला तशी पाठ उचकटली.

कंपनीचा गोंद रेघेसारखा एकसारखा असतो. हा बोटाने फासलेला होता.

बॅटरी उचलली. तिच्या खाली आणखी एक टिकली असते, ती बदलायला लोक विसरतात.

ती लाल होती. गडद लाल.

म्हणजे पाण्यात पडलेला फोन. नुसता पडलेला नाही, राहिलेला. ताईने स्पीकरची जाळी सुईने टोकरली. करडा, मऊ गाळ निघाला.

तिने आतल्या बोर्डावरची पत्र्याची झाकणी उघडायला घेतली. पाच स्क्रू. चार एकसारखे, करडे.

पाचवा सोनेरी.

ताईने तो चिमट्याने उचलून बाजूला ठेवला.

ती जो फोन उघडायची, त्याच्या झाकणीच्या आत नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची. मरून रंगाचा. उद्या कुणी भांडायला आलं की “ताई, तुम्ही माझा पार्ट बदललात”, तर आपण उघडलेला फोन कुठला ते तिला कळावं म्हणून. एका लग्नात घेतलेली बाटली होती, नखांना कधी लावलीच नाही.

तिने झाकणी उलटी केली.

आत... मरून ठिपका होता.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा फोन दुरुस्त करताना पाचवा स्क्रू टेबलाखाली घरंगळला होता. काही केल्या सापडला नाही. तिने दुसऱ्या फोनचा सोनेरी स्क्रू बसवून दिला. तो हसत सुटला होता. “अगं, तू तर माझ्या फोनला सोन्याचा दात बसवलास की!”

ताई तो स्क्रू बघत बसली. किती वेळ, सांगता येत नाही.

मग गिऱ्हाईक आलं. चार्जर हवा होता. तिने दोन काढून दाखवले, कुठला टिकेल ते सांगितलं, सुटे दिले. तो गेला. तिने पाचही स्क्रू परत बसवले, सोनेरी त्याच्याच जागी. पाठ चिकटवली. दिराला फोन लावला.

“भाऊजी, हा कुठून आणलात?”

दीर दुकानदाराकडे जाऊन आला आणि त्याने उलट फोन केला. “म्हणतो, लॉटमध्ये येतात, शंभर-शंभर. कुठून येतात ते त्यालाही ठाऊक नाही. का हो, नवा नाही?”

“नाही.”

“परत करू?”

“नको.”

मग हळूच म्हणाला, “वहिनी... दादाकडेही असाच...”

“ठेवते भाऊजी. गिऱ्हाईक आलंय.”

दुकानात कुणी नव्हतं.

पाण्यातून हा फोन कुणी काढला? खिशातूनच काढला असेल, तर तो खिसा कुठे होता? आणि खिसा दिसला, मग माणूस नाही दिसला? हे प्रश्न ताईच्या डोक्यात रांगेत उभे राहिले. तिने एकालाही आत घेतलं नाही.

मंगळवारी तिने दुकान उघडलं नाही. फोन फळीवर ठेवला आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिली. दोघी जेवल्या. ताटं घासली.

एक वाजून दहा मिनिटं झाली.

फोन वाजला नाही. थरथरलाही नाही.

पण जिन्यात ओळखीचं पाऊल ऐकून माणूस उठतं ना, तशा सासूबाई उठल्या. भिंत धरत फळीपाशी गेल्या. फोन कानाला लावला.

“हं, बोल रे.”

सिम ताईच्या पर्समध्ये होतं.

“हो... हो... नाही रे, दार उघडंच आहे.”

ताई उठून त्यांच्यापाशी गेली. “आई. कोण आहे?”

सासूबाईंनी फोन तळहाताने झाकला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. थकवा होता, खूप दिवस आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा असतो तसला.

“घर कुठल्या बाजूला ते विचारतोय,” त्या म्हणाल्या. “फोन आला त्या दिवसापासून रोज हेच. चालतोय म्हणतो. सारखा चालतोय, आणि जिकडे जावं तिकडे पाणीच लागतंय म्हणतो.”

ताईने आवाज खाली आणला.

“तुम्ही काय सांगता त्यांना?”

“काय सांगू? ये म्हणते. हळूहळू ये म्हणते.” सासूबाईंनी तळहात फोनवर आणखी घट्ट दाबला. “त्याला कळलेलंच नाहीये गं. आणि मला सांगवत नाही. नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला, माझ्या तोंडून ते कसं निघेल? तू सांग.”

त्यांनी फोन पुढे केला.

ताईने घेतला. हातात मावणारी एवढीशी वस्तू, पण ओल्या कपड्यासारखी जड.

तिने कानाला लावला.

काहीच नाही.

मग...

चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज. एक.

थांबला.

पुन्हा एक.

तोही थांबला. आता पलीकडे नुसती शांतता होती. पण रिकामी नव्हती. पलीकडचं माणूस आपलं ऐकतंय, हे फोनवर कळतं ना? तशी.

स्पीकरच्या जाळीतून तिच्या कानाला ओल लागली. एक थेंब मानेवरून खाली ओघळला. तिने पुसला नाही.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.

ताईने दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा आवाज तिच्या नेहमीच्याच सुरात आला, टॉवेल कुठे आहे ते सांगावं इतक्या साधेपणाने.

“अहो... मी बोलतेय. चालू नका आता. तुम्ही मेला आहात.”