काटा शून्यावर होता

आयुष्यभर मी विनोदी लिहिलं. त्यामुळे घरात साप निघाला असं सांगितलं तरी लोक आधी हसतात, मग साप बघतात.

तरी सांगतो. हे खरं आहे.

ठिकाण, शहादा तालुक्यातलं तापीकाठचं आमचं गाव. नाव देत नाही, गावात अजून राहायचं आहे. तारीख अकरा फेब्रुवारी, मंगळवार. वेळ रात्रीची नाही. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

सुरुवात जानेवारीत झाली. आमच्याकडे भूकंपाचे दोन बारीक धक्के बसले. भांडी वाजली, कुत्री भुंकली, संपलं.

पण त्या दिवसापासून माझी बायको, रंजनाबाई, मागच्या खोलीत जाईना.

त्या खोलीत धान्याची पत्र्याची कोठी आहे. बाकी काही नाही.

"तठे कोन्हीतरी बठेल शे," ती म्हणाली.

"कुठे?"

"कोठीना बाजूले. कोपरामा."

मी हसलो. ती हसली नाही. तिने बॅग भरली. "मी नवनीतकडे सुरतले चालनी. तुम्ही ऱ्हा आठे, तेना संगे."

नवनीत आमचा मुलगा. त्याच्याकडे गेली असती तर ती परत आली नसती, हे मला कळत होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर एकट्याने खिचडी खाणं मला जमणार नव्हतं.

मी म्हणालो, "पंधरा दिवस दे. मी भूकंप मोजायचं यंत्र बनवतो. खोलीत कोणी बसलं असेल तर काटा सांगेल. काटा शून्यावर राहिला, तर तू इथेच राहायचं."

ती कबूल झाली.

माझा शालक मगन वेल्डिंगचं काम करतो. त्याने लोखंडी चौकट करून दिली. तिला फाटकासारखी बिजागरीवर झुलणारी आडवी दांडी, दांडीवर दोन किलोचं वजन, टोकाला काटा आणि काट्याखाली आलेखाचा कागद. चौकटीखाली एक स्क्रू. तो केसभर फिरवला की दांडीचा झोका संथ होतो. संथ झाला की यंत्र इतकं हळवं होतं, की फरशीवर कोणी नुसतं उभं राहिलं तरी फरशी किंचित कलते आणि काटा त्या बाजूला सरकतो.

अडचण एकच. कोणी शिंकलं की दांडी दहा मिनिटं झुलत बसायची.

"हाई तर सदा डोली ऱ्हायनं!" रंजनाबाई दारातूनच म्हणाली. "येनं काय खरं मानवं?"

बरोबर होतं तिचं. झोका आवरायला पाहिजे होता. मी दांडीला पत्र्याची पट्टी लावली आणि ती तेलाच्या वाटीत बुडवली. आधी शेंगदाण्याचं तेल घेतलं. ते फार पातळ निघालं.

"मन्हं तेल तठे वती दिन्हं? आते भाजीले काय पानीनी फोडणी देऊ?"

मग एरंडेल. ते फार घट्ट, काटा जेवून झोपलेल्या माणसासारखा पडून राहिला. शेवटी दोन्ही मिसळली. फुंकर मारली. काटा गेला, परत आला, आणि रेघेवर गप्प थांबला. एकदाही रेघ ओलांडली नाही.

आता तो स्वतःहून हलू शकत नव्हता. हलला, तर काहीतरी घडलं म्हणूनच हलणार.

मगनला कोठीच्या कोपऱ्यात उभं केलं. बहात्तर किलो. काटा उजवीकडे नऊ घरं गेला.

मगन बाहेर आला आणि तळपायाकडे बघायला लागला.

"दाजी, तठे फरशी कोमट लागी ऱ्हायनी."

"मागून भिंतीला ऊन लागत असेल," मी म्हणालो.

ती भिंत उत्तरेची आहे.

खोली रिकामी केली. स्क्रू फिरवून काटा बरोबर शून्यावर आणला. समोर जुना मोबाइल लावला. त्याचं चित्र माझ्या मोबाइलवर दिसायचं. दार लावलं.

बारा दिवस शून्य.

ट्रॅक्टर गेला की काटा थरथरायचा आणि शून्यावर यायचा. ऊन-थंडीने अर्धं घर सरकायचा, तेही दिवसभरात. रंजनाबाईने बॅग रिकामी केली. स्वतः जाऊन कोठीतून किलोभर ज्वारी काढली.

मी जिंकलो होतो.

अकरा फेब्रुवारी. ती मधल्या खोलीत खाटेवर पडली होती. मी दाराबाहेर ओट्यावर बसलो होतो, हातात मोबाइल.

मागच्या खोलीतून आवाज आला...

टक्.

उठताना कोठीच्या पत्र्याला हात टेकला की होतो, तसा.

मी मोबाइलकडे बघितलं.

काटा सरकत होता. हळू. डावीकडे.

एक घर. दोन. चार.

थांबला.

ना थरथर, ना झोका.

कोपऱ्यात वजन आलं की काटा उजवीकडे जातो. डावीकडे जायला कोपऱ्यातलं वजन कमी व्हायला हवं. पण खोलीतून काहीच हललं नव्हतं. कोठी जागेवर. दार बंद.

मग मला कळलं...

मी शून्य लावलं, तेव्हा ते खोलीतच बसलेलं होतं.

आता ते उठलं होतं.

चार घरं. मगनच्या हिशेबाने बत्तीस किलो.

मी मधल्या खोलीच्या दाराशी गेलो. रंजनाबाई गाढ झोपेत होती. बघता बघता तिने पाय जवळ घेतले आणि भिंतीकडे सरकली.

खाटेच्या कडेला कोणी बसायला आलं की आपण सरकतो, तशी.

खाटेची नवार करकरली.

मी दारातच उभा राहिलो. मोबाइलमध्ये काटा चार घरं डावीकडेच होता. चाळीस मिनिटं.

मग पुन्हा... टक्.

शून्य.

"शून्य शे ना?" उठल्यावर तिने विचारलं.

"शून्य," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

मगनला सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, ताईले सुरतले धाडी द्या." मलाही तेच सुचलं होतं. भीती एकाच गोष्टीची होती. ते खोलीचं आहे, की तिचं?

नातवाच्या वाढदिवसाचं निमित्त काढलं. शनिवारी तिला एसटीत बसवून घरी आलो आणि आधी मोबाइल बघितला.

चार घरं डावीकडे.

वाट बघितली. चाळीस मिनिटं. तास. दोन तास.

तिचा फोन आला.

"गाडीमा उभं ऱ्हावाले जागा नई शे," ती हसत होती. "तरी मन्हा बाजूले कोन्ही बठत नई. लोके येतस, देखतस, आनि उभाच ऱ्हातस."

मी मोबाइल कानावरून काढून पुन्हा काटा बघितला.

"ओ, ऐकतस ना? खोली कशी शे? शून्य शे ना?"

एसटीचा खूप आवाज येत होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.