भिंगरी चंदी का खाईना?

धाड्!

"अकरा!" चिमणी म्हणाली.

धाड्!

"बारा! अगं ताई, सकाळपासून बाराव्यांदा दाराला लाथ मारली हिनं!"

"मोजत काय बसलीस? आधी मागे हो!" कॅप्टनने तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

मामा शर्यतीच्या घोड्यांचा ट्रेनर होता. सुट्टीसाठी तिघं त्याच्या तबेल्यावर येऊन दोन दिवस झाले होते. कॅप्टन तेरा वर्षांची. सगळ्यांना हुकूम सोडायची सवय म्हणून तिचं हे नाव पडलेलं. गुंड्या तिचा धाकटा भाऊ, आणि दहा वर्षांची चिमणी त्यांची मावसबहीण.

भिंगरी ही मामाची सगळ्यात वेगवान घोडी. मागच्या सुट्टीत ती चिमणीच्या हातून गाजर अलगद उचलून घ्यायची. आता मात्र ती ठाणात नुसती गरगर फिरत होती. कान मागे पाडलेले, मानेवर घाम, आणि चार दिवस झाले, पुढ्यातली चंदी, म्हणजे तिचा दाणा, जशीच्या तशी! परवा मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत होती.

ऑफिसच्या पायऱ्यांवर मोठ्यांची बैठक जमली होती. गप्पांना नुसता ऊत आला होता.

"पेपरात काय छापलंय ऐका!" जॉकीने वाचून दाखवलं. "'भिंगरीचं डोकं फिरलं! आता भरवसा जॉकीवर.'"

"म्हणजे दोघांचंही कठीण आहे!" तबेल्याचा व्यवस्थापक म्हणाला. त्याच्या कमरेला सदा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळायचा, म्हणून मुलं त्याला किल्लीकाका म्हणायची. सगळे खो खो हसले. मामा तेवढा हसला नाही.

"मी दात पाहिले, पोट पाहिलं, चारी खूर पाहिले," घोड्यांचे डॉक्टर म्हणाले. "काही म्हणजे काही नाही. पण उद्या संध्याकाळपर्यंत तिनं खाल्लं नाही, तर तिचं नाव मागे घ्या."

"मी स्पष्ट बोलू का?" किल्लीकाका म्हणाला. "चंदी कोण कालवतं? मोतद्दार! त्याचं वय झालंय. काहीतरी भलतंच मिसळत असणार. घरी बसवा त्याला!"

मोतद्दारआजोबा तिथेच खरारा हातात घेऊन उभे होते. भिंगरी शिंगरू होती तेव्हापासून त्यांनीच तिचं सगळं केलं होतं. ते खराऱ्यात अडकलेले केस बोटांनी उगाच साफ करत राहिले.

"उद्या बघू," मामा जमिनीकडे बघत म्हणाला. "घोडामैदान जवळच आहे."

कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोघांना गवताच्या भाऱ्यांमागे ओढून नेलं.

"आजोबा असं करणंच शक्य नाही! आपण शोधून काढायचं. आज, आत्ता! गुंड्या, तू काय पाहिलंस?"

"सकाळी मैदानावर ती मस्त धावली. हौदावर पाणीही प्यायली, कडेचं गवतही खाल्लं. ठाणात आणलं की झालं सुरू! शेजारचा काळा घोडाही सारखी मान झटकतोय. पण पलीकडच्या टोकाचे घोडे खुशाल डुलक्या घेतायत."

"म्हणजे घोडं पेंड खातंय ते इथेच!"

"इथे ती काहीच खात नाहीये, हाच तर घोटाळा आहे!"

"ए, लवकर चला ना इथून," चिमणी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. "ती शिट्टी कुणीतरी थांबवा! कानात सुई टोचल्यासारखं होतंय."

"कसली शिट्टी?"

तिघांनी श्वास रोखला. आणि खरंच! तारेसारखा बारीक, सरळ, न थांबणारा आवाज येत होता.

"मला वाटलं, माझेच कान वाजतायत!" गुंड्या कुजबुजला.

आवाजाचा माग काढत तिघं भिंगरीच्या ठाणामागच्या भिंतीशी आली. पलीकडे चंदीची खोली होती, दाराला भलंमोठं कुलूप. गुंड्या कॅप्टनच्या खांद्यावर चढला आणि झरोक्यातून आत डोकावला.

"पोती... पोती... आणखी पोती... अगं, हलू नकोस ना!"

"तू जड आहेस!"

"डबी! भिंतीतल्या प्लगमध्ये पांढरी डबी आहे! हिरवा दिवा लुकलुकतोय!"

तिघं धावतच किल्लीकाकाकडे गेली.

"ते होय? उंदीर पळवायचं यंत्र आहे!" तो ऐटीत म्हणाला. "त्याचा आवाज फक्त उंदरांना ऐकू येतो. खोक्यावर छापलंय तसं."

"पण आम्हाला येतो!"

"मग तुम्ही उंदीर!" तो खदाखदा हसला.

"लावलंत कधी?" कॅप्टनने विचारलं.

"झाले चार दिवस."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंगरीनेही चार दिवसांपासूनच चंदी सोडली होती!

मामा आला, डॉक्टर आले. दोघांनीही भिंतीला कान लावला.

"मला काहीच ऐकू येत नाही, बाळांनो," मामा म्हणाला.

"पोरखेळ चाललाय नुसता!" किल्लीकाका म्हणाला.

"मग खेळच खेळू!" कॅप्टन ठसक्यात म्हणाली. "आमचे डोळे बांधा. तुम्ही खोलीत जा आणि यंत्र हवं तेव्हा चालू करा, हवं तेव्हा बंद करा. आम्ही बाहेरून सांगतो. दहा वेळा!"

मामाने क्षणभर विचार केला आणि किल्लीकाकाला खोलीचं कुलूप उघडायला सांगितलं.

डोळ्यांना रुमाल बांधून तिघं भिंगरीच्या ठाणासमोर उभी राहिली. मामा आणि किल्लीकाका खोलीत गेले, दारात डॉक्टर वही घेऊन थांबले.

"चालू!" तिघं एका सुरात म्हणाली. "बंद!... अजून बंदच!... चालू!"

किल्लीकाका मुद्दाम खोकला, पोती आपटली, किल्ल्या खुळखुळवल्या. पण नऊच्या नऊ उत्तरं बरोबर! दहाव्या वेळी त्याने मामाला बाजूला सारून स्वतःच बटण दाबलं आणि पोत्यावर चढून झरोक्यातून मुलांकडे रोखून पाहू लागला.

थोडा वेळ गेला. चिमणीने मान तिरकी केली.

"बंद!"

"चुकली!" किल्लीकाका आनंदाने ओरडला. "बटण चालू आहे! मी माझ्या हातानं दाबलंय!"

"बटण चालू आहे खरं," मामा शांतपणे म्हणाला आणि त्याने मूठ उघडली. तिच्यात पांढरी डबी होती. "तुम्ही मुलांवर पहारा ठेवत होतात, तेव्हा मी ही काढून घेतली."

"दहापैकी दहा!" डॉक्टरांनी वही मिटली. "वय वाढलं, की असले बारीक आवाज आपल्याला ऐकू येईनासे होतात. मुलांना येतात. घोड्यांचे कान तर त्यांच्याहून तिखट! हे मला सुचायला हवं होतं."

तेवढ्यात ठाणातून आवाज आला, कुरुम, कुरुम, कुरुम...

भिंगरी चंदी खात होती!

मामा सरळ मोतद्दारआजोबांपुढे जाऊन उभा राहिला. "काका, तुमच्यावर ठपका ठेवला गेला आणि मी गप्प बसलो. माझं चुकलं."

"माझंही," किल्लीकाका पुटपुटला. आज पहिल्यांदाच त्याच्या किल्ल्या वाजत नव्हत्या.

"ते राहू द्या," आजोबा भिंगरीकडे वळत म्हणाले. "पाणी आणा आधी. चार दिवसांची अर्धपोटी आहे पोर."

शर्यतीच्या दिवशी भिंगरी जिंकली नाही. मानभर अंतराने दुसरी आली! पण मामा असा नाचत सुटला, की पाहणाऱ्यांना वाटावं, हाच पहिला आलाय. बातमीदार धावत आला. "डोकं फिरलेली घोडी ठिकाणावर आली कशी?"

"डोकं तिचं नाही, आमचं फिरलं होतं! या तिघांनी ते ठिकाणावर आणलं," मामा म्हणाला. "नीट छापा!"

"आणि जॉकीबद्दलही चार बरे शब्द लिहा!" जॉकीने पुस्ती जोडली.

मोतद्दारआजोबांनी मात्र मुलांना बाजूला बोलावलं. "जन्म घोड्यांत गेला माझा. पोर जिवाच्या आकांतानं सांगत होती, आणि आम्ही मोठी माणसं गप्पा छाटत बसलो. तुम्ही ऐकलंत तिचं."

एवढं बोलून त्यांनी भिंगरीचा दोर चिमणीच्या हातात दिला. आजवर तो त्यांनी कुणालाही दिला नव्हता.

भिंगरी संथपणे चालू लागली. चिमणीचे पाय मात्र जमिनीवर ठरत नव्हते.